लेखाखालचे नाव

खडकवासल्याच्या बाजूला आमच्या धर्मग्रामाची काही कुटुंबे विखरून राहतात. उपवासकाळात त्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करण्याचा आमचा परिपाठ आहे. संध्याकाळी धरणाकडेचा रस्ता कणसे भाजणाऱ्यांच्या धुराने भरलेला असतो. समोर सिंहगड काळवंडत जातो आणि भिंतीमागचे पाणी निवांत पडलेले असते. अशाच एका संध्याकाळी आम्ही एका विधवा भगिनीच्या घरी गेलो होतो. प्रार्थना झाली, त्या चहा टाकायला आत गेल्या, आणि त्यांची मुलगी एक वही घेऊन समोर बसली. (ओळख पटेल असे तपशील आम्ही मुद्दाम बदलले आहेत, आणि मायलेकींच्या संमतीनेच हे लिहीत आहोत.)

“फादर, एक लेख लिहिलाय. मासिकाला पाठवायचा आहे. पहिलाच आहे. खाली माझं नाव घालू की नको?”

आम्ही वही चाळली. तिचे वडील दारूपायी गेले, हे आम्हांस ठाऊक होते. परंतु लहानपणी रात्री जिन्यावरच्या पावलांचा अंदाज घेत जागणारी मुलगी आम्हांस ठाऊक नव्हती. पगाराचे पैसे तांदळाच्या डब्यात लपवणारी आईही ठाऊक नव्हती. लेख चांगला होता, कारण तो खरा होता. शेवटच्या दोन पानांत मात्र एका काकांचा उल्लेख होता. भाऊ शुद्धीत नसताना त्यांनी जागेच्या कागदावर त्याची सही घेतली, असा तिचा आरोप होता. काकांचे नाव नव्हते, पण धर्मग्रामातील कोणीही ते सांगितले असते.

“वही आठ दिवस आमच्याकडे राहू दे,” एवढेच म्हणून आम्ही उठलो. खरे सांगायचे तर उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते. जे होते, ते सांगण्याची आम्हांस लाज वाटत होती.

टोपणनाव घेणे ही मराठीत काही कमीपणाची गोष्ट नाही. १८४८ साली मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या सहीने पत्रे प्रसिद्ध होऊ लागली. १८५० पर्यंत त्यांची संख्या १०८ झाली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख हे पुण्याचेच, पंचविशीतले, आणि कंपनी सरकारच्या नोकरीतले. स्वतःच्या ज्ञातीचे दोष त्यांनी त्या पत्रांत निर्भीडपणे मांडले. सहीमागे नाव झाकले होते खरे, पण त्यांचा रोख एका शेजाऱ्यावर नव्हता, साऱ्या समाजावर होता. आणि त्या समाजात ते स्वतःही होते.

आमच्या धरणातून निघणारी मुठा पुण्यात शिरते, त्या वाटेवरच हिंगणे आहे. तेथे महर्षी कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या बाळूताई खरे यांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने प्रसिद्ध केला. शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनाची कोंडी त्यात होती. केवढे वादळ उठले! विभावरी कोण, याचा शोध सुरू झाला. त्याच पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून ओळखल्या गेल्या. त्या दिवसांत खरे नाव उघडे असते, तर त्या मुलींच्या व्यथेऐवजी चर्चा लेखिकेच्या चारित्र्याचीच झाली असती, असे आम्हांस वाटते.

उलट उदाहरणही आहे. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ साली पुण्यात छापले गेले, ते त्यांच्या खऱ्या नावानिशी. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. महात्मा फुले यांनी त्यांची बाजू घेतली, तरी त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. नाव घालण्याची किंमत असते, आणि ती स्त्रीकडून अधिक वसूल केली जाते. म्हणून कोणी नवखी लेखिका नाव झाकू इच्छित असेल, तर तिला भित्री म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही.

ख्रिस्तसभेच्या भांडारातही निनावी धन थोडे नाही. चारही शुभवर्तमानांच्या मजकुरात कर्त्याने आपले नाव घातलेले नाही. ती नावे परंपरेने दिली. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा कर्ता कोण, यावर विद्वानांचे आजही एकमत नाही. थॉमस अ केम्पिसचे ‘ख्रिस्तानुकरण’ पंधराव्या शतकात प्रथम हातोहात फिरू लागले, तेही नावावाचून.

परंतु संत पौलाकडे पाहावे. गलतीकरांना त्याने जेवढ्या कडक शब्दांत सुनावले, तेवढे क्वचितच कोणाला सुनावले असेल. त्या पत्राच्या आरंभी त्याचे नाव आहे, आणि शेवटी मोठमोठ्या अक्षरांत त्याच्या स्वतःच्या हातचा मजकूर आहे. ज्याला बोल लावायचा त्याच्यासमोर पौल आपला हातही झाकीत नाही.

गुरुविद्यालयात ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना एक प्रसंग आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. सुमारे इ. स. ११२ मध्ये बिथुनियाचा रोमन अधिकारी प्लिनी याच्याकडे एक निनावी यादी आली. तीत ख्रिस्ती म्हणून अनेकांची नावे होती. याचे काय करावे, म्हणून त्याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहिले. ट्रेजन काही आपला कैवारी नव्हता. ख्रिस्ती असल्याचे सिद्ध झाले तर शिक्षा द्यावी, असेच त्याचे मत होते. तरीही निनावी आरोपाला कोणत्याही खटल्यात थारा देऊ नये, असे त्याने स्पष्ट कळविले. आपले पूर्वज निनावी कागदाचे बळी होते, आणि निदान त्या कागदापुरता न्याय त्यांना एका मूर्तिपूजक राजाकडून मिळाला. हे आम्ही पाठ केले, गुणही मिळविले. शिकलो मात्र नाही.

आता ती लाजेची गोष्ट. तीसएक वर्षांपूर्वी, दीक्षेच्या आधीच्या वर्षी, आम्हांस तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील एका खेड्यात कामाला पाठविले होते. तेथे एक वृद्ध धर्मशिक्षक होते. सारे त्यांना मास्तर म्हणत. सणाच्या वर्गणीचा हिशेब त्यांच्याकडे असे, आणि त्या वर्षी तो वेळेवर आला नाही. धर्मग्रामाचे एक चक्रमुद्रित पत्रक निघत असे. त्यात आम्ही ‘एक हितचिंतक’ या सहीने चार बोचऱ्या ओळी लिहिल्या. मास्तरांचे नाव घातले नाही, पण कोणालाही कळावे अशी सोय ठेवली. आपण मोठे धैर्य दाखविले, असेही त्या रात्री वाटले. एरवी आम्ही ‘आम्ही’ म्हणून लिहितो. परंतु त्या ओळींचा कर्ता एकटाच होता.

पुढे कळले ते असे. वर्गणी कमीच जमली होती. उरलेली रक्कम मास्तर स्वतःच्या पदरची भरीत होते, म्हणून हिशेबाला उशीर झाला होता. पण तोवर त्यांनी काम सोडले होते. लिहिणाऱ्याचा संशय आला तो शाळेतील एका तरुण शिक्षकावर. तो शपथेवर नाही म्हणाला, कोणी मानले नाही. वर्ष संपता संपता तोही गाव सोडून गेला. आम्ही गप्प राहिलो. दीक्षा जवळ आली होती.

आठ वर्षांनी आम्ही मास्तरांच्या घरी जाऊन सत्य सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “फादर, खाली नाव असतं तर माझं एका माणसाशी भांडण झालं असतं. मिटलंही असतं. नाव नव्हतं, म्हणून मी देवळात बसून एकेकाच्या तोंडाकडे बघायचो. हा असेल का, तो असेल का? सगळं गावच माझ्यासाठी परकं झालं.” एवढे बोलून त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितले. त्यांनी क्षमा केली. पण त्यांचे ते वाक्य आजही आमच्या कानांतून जात नाही.

निनावी आरोपाचे विष नेमके हेच. तो एकावर केलेला असतो, पण संशयाने सारे नासतात. बिशपांच्या घरी येणारी निनावी पत्रे असोत की देवळाच्या फाटकावर रात्री चिकटविलेला कागद असो, सकाळी सारा धर्मग्राम एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहू लागतो.

सारेच निनावी वाईट, असा याचा अर्थ नव्हे. जुलै १९६१ मध्ये पानशेतचे धरण खचू लागले, तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर तेथे वाळूची पोती रचली. १२ जुलैच्या सकाळी धरण फुटले, पुढे खडकवासल्याचेही फुटले, आणि पुणे पाण्याखाली गेले. परंतु ते अंधारात न फुटता दिवसा फुटले, म्हणून कित्येकांना जीव वाचविता आला. त्या जवानांची नावे आज कितीजणांना ठाऊक आहेत? डाव्या हाताला कळू न देता केलेले ते दान. देणाऱ्याला नाव लागत नाही.

पापनिवेदनपीठाची जाळीही माणसाचा चेहरा झाकते. त्या आडोशाला ख्रिस्तसभा पवित्र मानते, कारण तेथे माणूस स्वतःचे पाप सांगतो. जाळीआड बसून शेजाऱ्याचे पाप सांगू लागणाऱ्याला कोणताही धर्मगुरू हळूच थांबवितो. नवलेखकाच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या जाळीपाशी सापडले. स्वतःची जखम उघडी करताना नाव झाकले तर चालेल. दुसऱ्याकडे बोट दाखवायचे, तर बोटामागचा हातही दिसला पाहिजे.

आठ दिवसांनी आम्ही वही परत केली आणि मास्तरांची हकिगत त्या मुलीला सांगितली. मग तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, घरच्या दुःखाचा भाग टोपणनावाने द्यायला हरकत नाही. मात्र संपादकांना खरे नाव आणि पत्ता कळविलाच पाहिजे, म्हणजे जबाबदारी घेणारे कोणीतरी असेल. दुसरी, काकांचा भाग निनावी जाऊ नये. प्रभूने सांगितल्याप्रमाणे आधी त्यांना एकांतात भेटावे. त्यांनी ऐकले नाही, तर दोन साक्षीदार घेऊन जावे. जमिनीचा प्रश्न असेल तर वकिलाकडे जावे, आम्ही बरोबर येऊ. तिसरी, हा लेख तिच्या एकटीचा नाही. त्यात आई आहे. छापण्याआधी आईने तो ऐकला पाहिजे.

तिसरी गोष्ट तिला सर्वांत अवघड गेली. पण एका रात्री स्वयंपाकघरात तिने तो वाचून दाखविला. आई भाकरी थापीत होत्या, त्यांचा हात थांबला. शेवटी म्हणाल्या, “छाप. माझ्यासारख्या पुष्कळ आहेत. पण तुझं नाव नको. तुझ्या नावात त्यांचं नाव आहे, आणि ते आता उत्तर द्यायला येणार नाहीत.”

मुलीने टोपणनाव घेतले. वेगळ्या कागदावर खरे नाव आणि पत्ता लिहून संपादकांच्या पाकिटात घातला. शेवटची दोन पाने तिने काढून ठेवली. काकांकडे ती एकदा जाऊन आली आहे. तेथे काय बोलणे झाले, हे आम्ही विचारले नाही.

आमचे एक काम मात्र राहिले होते. मास्तर आता प्रभूच्या घरी आहेत. तो तरुण शिक्षक कोठे आहे, आम्हांस कळलेले नाही. त्याच्या घरी हे त्रैमासिक येत असेल, तर त्याने वाचावे: ‘एक हितचिंतक’ आम्ही होतो. तू खरे बोलत होतास, आणि आम्ही गप्प बसलो. आम्हांस क्षमा कर.

त्या चार ओळींखाली जे नाव तेव्हा घालायला हवे होते, ते आज या लेखाखाली घालीत आहोत.