नातवाची टर्बो गाडी आणि माझी एफडी



मुलगा अठरा वर्षांचा झाला की घरात दोन गोष्टी होतात. त्याचे मतदारयादीत नाव लागते आणि गाडीचा हट्ट सुरू होतो. आमच्या घरी सध्या हट्ट नातवाचा आहे. तो एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. लायसन्स काढून वर्ष झाले. त्याला जुनी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घ्यायची आहे. २०१६ चे मॉडेल, टर्बो इंजिन, किंमत साडेपाच लाख. त्यातले दोन लाख त्याचे स्वतःचे आहेत. वाढदिवसाची पाकिटे आणि दोन सुट्ट्यांत काकांच्या दुकानात केलेले काम. उरलेले साडेतीन लाख त्याने माझ्या एफडीकडे बघून मोजले आहेत.

घरात दोन पक्ष झाले. सून म्हणते, "आई, तुम्ही नाही म्हटलंत तरच तो ऐकेल." मुलगा म्हणतो, "आई, बाईकवरून जाण्यापेक्षा हे बरं. दोन एअरबॅग आहेत, एबीएस आहे, पत्रा दणकट आहे." आणि आमचे हे पेपर वाचत बसतात, म्हणजे निर्णय माझ्यावर. मुलाचे म्हणणे मला खोटे वाटत नाही. दुचाकीवर मुलगा गेला की घरच्या बायकांचा जीव किती टांगणीला लागतो हे मला सांगायला नको. तरीही मी लगेच होकार दिला नाही. त्याची कारणे आज लिहिते, कारण हा प्रश्न आज आमच्या घरी आहे, उद्या तुमच्याकडे येईल.

आधी ही टर्बो म्हणजे काय ते मी नातवाकडूनच समजून घेतले. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटी चक्की फिरवतो. तिच्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला एक पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, म्हणून पेट्रोलही जास्त जाळता येते आणि लहान इंजिनातून मोठी ताकद निघते. या गाडीचे इंजिन ११९७ सीसीचे, म्हणजे आपल्या साध्या गाड्यांएवढेच, पण ताकद १०५ अश्वशक्ती. आमच्या घरच्या जुन्या वॅगन-आरची सदुसष्टच्या आसपास. आपला मिक्सर जोरात फिरतो तेव्हा मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे होतात. ही चक्की लाखाच्या वर फिरते, तीही लालबुंद तापलेल्या धुरात. तिला वाचवते ते फक्त वेळेवर बदललेले चांगले ऑइल. मागच्या मालकाने दोन-तीन वेळा ऑइल बदलायला उशीर केला असेल तर ते गाडी पुसून, पॉलिश करून दाखवतात तेव्हा कुणाला दिसत नाही.

मी कॉमर्सची. लग्नानंतर नोकरी केली नाही, पण वहीची सवय सुटली नाही. नातवाला म्हटले, किंमत मला सांगू नकोस, वर्षाचा खर्च मांडून आण. त्याने आणलेल्या कागदावर पेट्रोल आणि विमा एवढेच होते. मग आम्ही दोघे जेवणाच्या टेबलावर बसलो.

महिन्याला ८०० किलोमीटर धरले, लिटरला साडेबारा किलोमीटर आणि पेट्रोल १०४ रुपये. वर्षाचे पेट्रोल जवळजवळ ८०,००० रुपये. विमा एजंटने सांगितला १८,०००. सर्व्हिसिंग २०,०००. टायर चार वर्षांनी बदलायचे म्हणून वर्षाला ७,०००. साडेपाच लाखांवरचे सात टक्के व्याज बुडते ते ३८,५००. दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायचे ४०,०००. बेरीज आली २,०३,५००. त्यावर १५ टक्के घसारा, म्हणजे ८२,५००. एकूण २,८६,०००. दिवसाला ७८० रुपयांच्या वर.

"आज्जी, घसारा खिशातून जात नाही," तो म्हणाला.

"बरोबर. विकशील त्या दिवशी एकदम जातो," मी म्हटले.

दुरुस्तीचे ४०,००० त्याला फार वाटले. पण या गाडीची गिअरपेटी सात गिअरची, दोन क्लचची ऑटोमॅटिक आहे, डीएसजी म्हणतात ती. तिचे काम निघाले तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. टर्बो गेला तरी तसेच. नव्याने घेणाऱ्याने पहिली वर्षे वॉरंटीत काढली आणि मोठे खर्च यायच्या सुमारास गाडी विकली. दहा लाखांची गाडी साडेपाचला मिळते तेव्हा किंमत निम्मी होते, सुटे भाग मात्र दहा लाखांच्या गाडीचेच राहतात. हे वाक्य ऐकून तो पहिल्यांदा गप्प बसला.

मग ओळखीच्या मेकॅनिकला गाडी दाखवली. त्याने लॅपटॉप जोडून पाहिले आणि सांगितले की मागच्या मालकाने इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवून घेतली आहे. नातवाचे डोळे चमकले, माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली. गाडीत असा मूळ रचनेला धक्का देणारा बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने बंदी आहे, आणि विमा कंपनीला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो. म्हणजे ताकद वाढलेली, गिअरपेटीवरचा ताण वाढलेला, आणि पाठीशी असायचा तो विमाच डळमळीत.

आणखी एक गोष्ट. "आज्जी, पैसे तुझे तर गाडी तुझ्याच नावावर घेऊ," असे तो प्रेमाने म्हणाला. मैत्रिणींनो, इथे डोळे उघडे ठेवा. आरसी बुकावर ज्याचे नाव, कायद्याने तो मालक. अपघात झाला तर नुकसानभरपाईचा दावा त्याच्यावरही येतो, गाडी कोणीही चालवत असो. आणि मूल अठराच्या आतले असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर गोष्ट आणखी गंभीर आहे. पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. "गल्लीतल्या गल्लीत चालवतो" म्हणून किल्ली देणाऱ्या आया आपल्यातही आहेत, म्हणून लिहिले.

इथपर्यंत हिशेब झाला. माझा खरा विचार त्यापुढचा आहे.

आपण श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडव्रत म्हणतो. ज्याची गरज नाही अशा कारणाने होणारे पाप टाळायचे. त्याचे जे पाच प्रकार समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात सांगितले, त्यांत एक आहे हिंसादान. म्हणजे दुसऱ्याच्या हाती हिंसेचे साधन देणे. लहानपणी पाठशाळेत तलवार, कुऱ्हाड, विष, अग्नी अशी उदाहरणे ऐकली आणि वाटले, आपण बायका कोणाला कशाला तलवार देणार? आता वाटते की आपल्या काळात हे साधन चार चाकांवर येते आणि पेढे वाटून दिले जाते. गाडी स्वतः वाईट नाही. दवाखान्यात वेळेवर पोचवते तेव्हा तीच देवासारखी वाटते. प्रश्न आहे तो कोणाच्या हाती, कोणत्या वयात, किती ताकदीची. त्याच यादीत प्रमादचर्याही आहे, बेफिकीर वागणे. एकोणीस वर्षांचे वय, शेजारी मित्र, मोठ्याने लावलेली गाणी आणि मोकळा रस्ता. प्रमादाला आणखी काय लागते?

आमच्या जयसिंगपूर-हातकणंगले रस्त्याने बाहुबलीकडे जाणाऱ्या मुनींचा आणि माताजींचा विहार होतो. सकाळी उजाडल्यावर अनवाणी, पुढची चार हात जमीन पाहत, मुंगीसुद्धा पायाखाली येऊ नये म्हणून. याच वेळी कॉलेजला उशीर झालेली मुले गाड्या पळवत असतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते. चार हात जमीन म्हणजे दोन मीटरसुद्धा नाही. विहारातल्या साधू-साध्वींना वाहनाने ठोकरल्याच्या बातम्या आपण वाचतो, हळहळतो, णमोकार म्हणतो. विहारासोबत चमकते जाकीट घालून चालणारी मुले आपल्याच समाजाची आहेत. गाडी पळवणारी मुलेही कधी कधी आपलीच असतात.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला काय झाले ते सगळ्यांना आठवत असेल. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्श गाडी, दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट तेवढी गाजली. मला त्या दोन मुलांच्या आया आठवतात. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली, आणि त्यांतले सत्तर टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगामुळे झालेल्या अपघातांत.

आपल्या घरांत बटाट्यावरून वाद होतात. पाणी गाळून पितो, सूर्यास्ताआधी जेवतो, पर्युषणात हिरवी भाजी चिरत नाही. हे सगळे मी करते आणि करत राहणार. पण एकेंद्रिय जीवासाठी एवढे जपणाऱ्या घराने पंचेंद्रिय जीवांच्या गर्दीत एवढी ताकद सोडताना एक दिवससुद्धा विचार करू नये, हे मला पटत नाही. कोणती गाडी, कोणता रंग यावर आपण महिनाभर बोलतो. कोणाच्या हाती, यावर बोलत नाही.

नातवाच्या बाजूनेही सांगायला हवे, नाहीतर अन्याय होईल. त्याला दिखावा करायचा नाही. त्याला यंत्राचे वेड आहे. आमचा बंद पडलेला मिक्सर आणि शेजाऱ्यांची पाण्याची मोटर त्यानेच दुरुस्त केली. टर्बो कसा चालतो हे त्याने मला वाटी आणि चमचा घेऊन समजावले, ती त्याच्या चेहऱ्यावरची खुशी खोटी नव्हती. अशा मुलाला "गाडीबिडीचा नाद सोड" म्हणणे म्हणजे त्याच्या हुशारीला नाही म्हणणे. ते मी म्हणणार नाही.

म्हणून मी त्याला चार गोष्टी सांगितल्या. एक, ती बदल केलेली पोलो नको, त्यावर चर्चा नाही. दोन, पुढचे दीड वर्ष घरची वॅगन-आर त्याने चालवायची. पेट्रोल आणि सर्व्हिसिंगची वही त्याची, आणि एकही ई-चलन यायला नको. तीन, रात्री दहानंतर आणि मित्रांनी भरलेली गाडी घेऊन हायवेला नाही. आपण देशव्रतात काही काळापुरती जाण्या-येण्याची मर्यादा घालून घेतो ना, तसेच समज म्हटले. चार, पदवीनंतर स्वतःच्या पगारातून वर्षाचा खर्च पेलत असेल तर तो हवी ती गाडी घेईल, टर्बोसुद्धा, स्वतःच्या नावावर. तेव्हा मी नारळ फोडायला येईन.

एफडी मी मोडली नाही. त्यातले चाळीस हजार मात्र त्याला गॅरेजमधल्या कामाची हत्यारे आणि गाडीतला दोष वाचणारे यंत्र घ्यायला देऊ केले. सुट्टीत त्या मेकॅनिककडे शिकायला जायचे या अटीवर.

तो रागावला. आठ दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलला. मुलगाही म्हणाला, "आई, जरा जास्तच कडक झालीस." नवव्या दिवशी वॅगन-आरच्या किल्लीसाठी हात पुढे आला, आणि वहीचे पहिले पान भरले: पेट्रोल १,५०० रुपये. तो दीड वर्ष टिकेल की नाही मी सांगू शकत नाही. पण त्याच्या वेगात माझा हात नसेल, एवढे मला कळते.

तुमच्या घरी जुनी गाडी घ्यायचे ठरलेच असेल तर एवढे नक्की पाहा. सर्व्हिसिंगच्या नोंदी पूर्ण आहेत का. रात्रभर थंड ठेवलेले इंजिन सुरू करताना निळा धूर येतो का, कारण तो ऑइल जळत असल्याची खूण आहे. कर्ज फिटले असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५. थकलेली चलने. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसीवर नाव बदलून घेणे, आणि विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज देणे. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो, हेही हिशेबात धरा.

आणि सर्वांत आधी किल्ली कोणाच्या हाती जाणार ते पाहा. मुलाकडे बघा, मग गाडीकडे.

तुमच्या घरी काय ठरले ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.