कळसूबाई, सहकुटुंब!

मुंबईत ट्रेक म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मध्यरात्रीची कसारा लोकल, पाठीवर सॅक, एकाच्या हातात गिटार आणि घरी मारलेली 'मैत्रिणीकडे अभ्यासाला जातेय'ची थाप. थोडक्यात काय, तर ट्रेक हा आई-बाबांना घरी ठेवून करायचा प्रकार! तसं आपलं डोंगरवेड काही कालचं नाही. 'गिरिविहार'सारखी संस्था १९५४पासून मुंबईकरांना डोंगर दाखवतेय. पण आजी-आजोबांपासून शेंडेफळापर्यंत अख्खं घर तंबूत मुक्कामाला गेलंय, असं चित्र तुमच्या ओळखीत कितीदा दिसलंय?

माझ्या वहिनीची मावसबहीण न्यूजर्सीला असते. दर उन्हाळ्यात तिचे फोटो येतात. हिरवीगार झाडी, तंबू, शेकोटीवर कणीस भाजणारे सासरे. तिकडे प्रत्येक राज्याची स्वतःची 'स्टेट पार्क्स' असतात. त्यातलं सगळ्यात जुनं नायगाराचं, थेट १८८५ सालचं. नंबर घातलेली जागा, बसायला लाकडी टेबल, शेकोटीला आखून दिलेली चौकट. गाडी लावा, तंबू ठोका, विषय संपला.

फोटो बघून वहिनी म्हणाली, "आपल्याकडे नाही का गं असं काही?"

आहे की! सोयी तितक्या चकाचक नसतील, पण डोंगर अस्सल आहेत. अकोले तालुक्यातलं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. जाहीर झालं १९८६ साली, पसारा सुमारे ३६० चौरस किलोमीटर. त्यात राज्यातलं सर्वोच्च शिखर, शंभरी गाठलेलं धरण, रतनगडाच्या पायथ्याचं अमृतेश्वराचं देखणं मंदिर आणि सांदण दरी. शिवाय दादरहून लोकल पकडून जाता येतं. अजून काय हवं?

'पैसे देऊन तंबूत?'

आता आमच्या घराविषयी. आम्ही हिंदमाताचे. हो, तेच हिंदमाता! साड्या आणि ड्रेस मटेरियलच्या दुकानांचं, आणि दर जुलैत टीव्हीवर कमरेएवढ्या पाण्यात दिसणारं. हा भाग बशीसारखा खोलगट, त्यामुळे चारी बाजूंचं पाणी इथेच येतं. पालिकेने २०२१मध्ये प्रमोद महाजन उद्यानाखाली पाणी साठवायच्या टाक्यांचं काम काढलं, तेव्हापासून जरा हायसं वाटतंय. पण पाऊस म्हटलं की चपला आधी माळ्यावर टाकायची सवय काही जात नाही.

चाळीत आमची दहा बाय बाराची खोली. आजोबा गिरणीत होते तेव्हापासूनची. माणसं सहा: आई, बाबा, दादा, वहिनी, सात वर्षांची भाची आणि मी. झोपायची पद्धत वर्षानुवर्षांची. जेवणं झाली की केर काढायचा, चटया पसरायच्या आणि ओळीने आडवं व्हायचं. कुणी कूस बदलली की अख्खी ओळ हलते.

गेल्या दिवाळीत कळलं की चाळ रिडेव्हलपमेंटला जातेय. फेब्रुवारीपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्या. भाड्याच्या पैशांत सहा जणांना पुरेल असं घर परळ-दादरला मिळणं अशक्य. म्हणून ठरलं, दादा-वहिनी आणि भाची डोंबिवलीला जाणार, आई-बाबा आणि मी करी रोडला. नवी इमारत उभी राहील तेव्हा राहील. तोवर ही ओळ तुटणार हे नक्की. घरात कुणी तसं बोललं नाही. पण डिसेंबरात सगळे मिळून कुठेतरी जाऊ या म्हटल्यावर कुणी 'नाही'ही म्हणालं नाही.

विरोध फक्त बाबांचा. "पैसे देऊन तंबूत झोपायचं? अगं, आमच्या पाटणच्या घरी अंगणात फुकट झोपायचो आम्ही!"

मी म्हटलं, "मग चला की, तिथे आम्हाला शिकवा."

भंडारदऱ्याची रात्र

शनिवारी सकाळी दादरहून कसारा लोकल पकडली. अडीच तास. कसाऱ्याला जीप ठरवली. घाट चढून इगतपुरी, पुढे घोटी आणि तिथून उजवीकडे वळलं की मुंबई खरोखरच मागे पडते. भात कापून मोकळी झालेली खाचरं आणि डावी-उजवीकडे काळेकभिन्न डोंगर. भाची खिडकीतून हात काढून प्रत्येक डोंगराकडे बोट दाखवत विचारत होती, "आत्या, हाच का?"

धरणाशेजारचं गाव म्हणजे शेंडी. इथे प्रवरा नदी अडवून बांधलेलं विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं. नाव तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं. पण हा मुलूख गव्हर्नरांचा नाही, महादेव कोळ्यांचा. इंग्रजांना आणि सावकारांना सळो की पळो करणारे राघोजी भांगरे इथलेच. १८४८ साली त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. जलाशयाच्या काठाकाठाने आज गावातलीच तरुण मुलं तंबू लावतात. पूर्वी पावसाळ्यानंतर कामासाठी घोटी-नाशिकची वाट धरावी लागायची. आता हिवाळ्याचे शनिवार-रविवार तरी घरी राहून चार पैसे मिळतात, असं आमचे तंबूवाले दादा सांगत होते.

रात्रीचं जेवण त्यांच्या घरचं. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा आणि वाफाळता भात. वहिनीने तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि 'डाएट सोमवारपासून' अशी घोषणा केली.

नऊ वाजता दिवे मालवले. आणि मग वर बघितलं! हिंदमाताच्या फ्लायओव्हरखालून आकाश दिसतं ते एवढंसं, तेही पिवळट. इथे तारे अक्षरशः सांडले होते. तेवढ्यात बाबा उठून बसले. "ते बघ, मृग. चार पाय, आणि मधे ओळीने तीन तारे दिसतात ना, तो बाण. आणि ह्या झुपक्यात दिसतात त्या कृत्तिका." भाचीला एकेक नक्षत्र दाखवताना त्यांचा आवाजच बदलला होता. मी तीस वर्षांच्या आसपास आले, पण बाबांना आकाश वाचता येतं हे मला माहीत नव्हतं. दिसणार तरी कधी? गिरणगावात राहून आकाश बघायला सवड आणि जागा दोन्ही लागते.

तंबू तीन घेतले होते. झोपायच्या वेळी भाची म्हणाली, "मी वेगळी नाही झोपणार." शेवटी तंबूवाल्या दादांकडून चटया आणि जादा रजया घेतल्या आणि तंबूंसमोर मोकळ्यात पसरल्या. आई एका टोकाला, बाबा दुसऱ्या. मधे आम्ही. थंडी अशी की नाकाचा शेंडा बधिर. तरी कुणीही आत गेलं नाही.

बाईने डोंगर का गाठला?

दुसऱ्या दिवशी पहाटे बारी गावात. इथून कळसूबाईची वाट सुरू होते. उंची १६४६ मीटर. ज्यांना सवय आहे ते तीन तासांत माथा गाठतात. वाट मळलेली आहे, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत, पण चढ मात्र दमवणारा आहे. बाबांचे गुडघे पहिल्या शिडीनंतरच कुरकुरले. ते एका सरबताच्या टपरीवर बसले आणि मालकाशी भाताच्या बियाण्यावर बोलत रमले. आई, वय ६१, नवे कॅनव्हास शूज घालून पुढे निघाली.

वाटेत लिंबू-सरबत विकणाऱ्या एका मावशींनी आईला कळसूबाईची गोष्ट सांगितली. कळसू नावाची पोर खालच्या इंदोरे गावात एका घरी कामाला राहिली. अट एकच, केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी घरच्यांनी तिच्यापुढे तेच काम टाकलं. तिने ते केलं, आणि नंतर सगळं सोडून डोंगर चढून गेली ती कायमची. तिचंच हे देऊळ.

आईने पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाली, "बरं केलं बाईनं." मग पदर खोचून उठली.

शेवटची शिडी उभी आहे. खाली बघितलं की पोटात गोळा येतो. आई मधे एकदा थांबली. मागे रांग होती, पण कुणी घाई केली नाही. वरून एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "काकू, फक्त पुढची पायरी बघा." साडेचार तासांनी आई माथ्यावर होती. छोटंसं देऊळ, जेमतेम दोन-तीन माणसं मावतील एवढं. बाहेर चारी दिशांना डोंगरच डोंगर. त्या क्षणी महाराष्ट्रात जमिनीवर उभं असलेलं कुणीही आमच्या आईपेक्षा उंच नव्हतं! तिने हात जोडले, मग बाबांना फोन लावला. रेंज एकच काडी. "अहो, पोचले," एवढंच बोलली आणि फोन कट झाला.

खाली उतरल्यावर बाबांनी तिच्यासाठी सरबताचा ग्लास आधीच भरून ठेवला होता. शेजारी रिकामा स्टूल.

तुम्हालाही जायचंय?

* कधी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला काजवे असतात, पण तेव्हा गर्दीही तुफान. गेलातच तर टॉर्च आणि मोबाइलचा उजेड बंद ठेवा, झाडांखाली तुडवत फिरू नका. पावसाळ्यात शिड्या निसरड्या, लहान मुलांना नेऊ नका.
* कसं: कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे जीप. स्वतःची गाडी असेल तर इगतपुरी-घोटी-बारी.
* मुक्काम: तंबू आधी फोनवर ठरवा, शक्यतो गावातल्याच माणसाकडे. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरा आणि पावती जपून ठेवा.
* सोबत: जाड स्वेटर, कानटोपी, पकड असलेले बूट, माणशी दोन-तीन लिटर पाणी. खाऊ सॅकच्या आत, कारण वाटेत माकडं आहेत आणि त्यांना लाज नाही.
* नको: स्पीकर आणि प्लॅस्टिक. नेलेला कचरा परत आणा, हिंदमाताच्या नाल्यांचं काय होतं ते आठवून!
* आणि हो: आई-बाबांना विचारा. पहिल्यांदा 'नाही'च म्हणतील. दुसऱ्यांदा विचारा.