प्रेमकथेच्या शोधात

ज्या ग्रंथाच्या नावावरून मराठीने एका साहित्यप्रकाराला ‘कादंबरी’ हे नाव दिले, तो बाणभट्टाचा सातव्या शतकातील ग्रंथ मुळात प्रेमकथाच आहे. चंद्रापीड-कादंबरी आणि पुंडरीक-महाश्वेता या युगुलांचा अनुराग त्यात जन्मांतरापर्यंत पोहोचतो. असे असूनही साठी ओलांडलेल्या स्त्रीने प्रेमकथा हाती घेतली, की धाकटी मंडळी गालात हसतात आणि पुस्तक उशीखाली सरकते.

अशाच एका वाचक बाईंना पतीच्या निधनानंतर नातेवाइकांनी आणून दिली ती सारी वैराग्यपर पुस्तके. त्यांनी ती आदराने वाचलीही. परंतु दुपारच्या एकांतात मन मागत होते ते निराळेच. चाळीस वर्षांच्या संसारात ‘प्रेम’ हा शब्द त्या घरात एकदाही उच्चारला गेला नव्हता. तो कुणीतरी, निदान पुस्तकात तरी, मोकळेपणाने उच्चारावा एवढीच त्यांची अपेक्षा होती.

वाचनालयात प्रथम हाती आले ना. सी. फडके. १९२९ची ‘दौलत’ त्यांनी दोन दुपारींत संपविली. रचना इतकी घोटीव, की पान उलटल्यावाचून राहवत नाही. तथापि दुसऱ्याचे दागिने घालून आरशात पाहावे, तसे काहीसे त्यांना वाटले. मग त्यांनी चंद्रकांत काकोडकर मागितले. त्यांच्या ‘शामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता. १९६२च्या दिवाळी अंकात आलेल्या त्या कथेचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६९मध्ये लेखक निर्दोष ठरले. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ हा चित्रपट आला, आणि तो घरोघरच्या मंडळींनी सहकुटुंब पाहिला! लेखकाचे नाव घेण्याची मात्र मुलींना चोरी. बाईंनी ते नाव वयाच्या सहासष्टाव्या वर्षी ग्रंथपालांपुढे प्रथमच मोठ्याने उच्चारले.

इंग्रजीत या प्रकाराचा एक अलिखित करार असतो : शेवट सुखाचा हवा. आपल्याकडे तो करार कुणी पाळलेला दिसत नाही. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२पासून ऐतिहासिक कादंबरी म्हणून गाजते आहे. पण असंख्य स्त्रियांनी ती माधवराव आणि रमाबाई यांच्यासाठीच वाचली. शेवट थेऊरचा, १७७२चा, सर्वांना आधीच ठाऊक. तरीही ती समाधान देते. शेवट गोड असणे आणि वाचकाचे मन भरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि बाजारातील गुलाबी वेष्टनाच्या पुस्तकांत पहिलीच अधिक स्वस्तात मिळते.

बाईंनी हळूहळू स्वतःची एक कसोटी ठरविली. मधलेच एखादे पान उघडावे; दोघे एकमेकांशी काय बोलतात ते पाहावे. नुसतेच सौंदर्याचे वर्णन असेल, तर पुस्तक परत फडताळात.

या कसोटीला उतरले ते जेन ऑस्टिनचे ‘पर्स्युएशन’. लेखिकेच्या मृत्यूनंतर, १८१७च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेली ही कादंबरी त्यांनी शब्दकोश शेजारी ठेवून महिनाभर वाचली. नायिका ॲन सत्तावीस वर्षांची; त्या काळच्या हिशेबाने उमेद सरलेली. आप्तांच्या सल्ल्याने तिने मोडलेला विवाह आठ वर्षांनी पुन्हा जुळतो, तो नायकाने त्याच खोलीत बसून घाईघाईने लिहिलेल्या एका पत्रामुळे. तोंडाने जे बोलवत नाही, ते तो कागदावर उतरवितो.

ते पत्र बाईंनी दोनदा वाचले. मग माळ्यावरची पेटी खाली काढवून घेतली. पती बदलीच्या गावी असताना आलेली पोस्टकार्डे तिच्यात होती. मनीऑर्डर मिळाली का, दुधाचा हिशेब चुकता केला का, थोरल्याचा खोकला कसा आहे. आणि बहुतेक प्रत्येक कार्डाच्या कडेला, जागा संपत आली असता आडव्या ओळीत दाटून लिहिलेले : रात्री थंडी फार पडते, शाल घेऊन निजत जावे.