केटी, पतंग आणि मे महिना

मे महिन्यात अख्खं होस्टेल रिकामं. मी मात्र इथेच, कारण एम-थ्रीची केटी, तीही दुसऱ्यांदा. घरी सांगितलं होतं, प्रोजेक्ट आहे. रात्री ट्यूबलाइटभोवती पतंग, सकाळी टेबलावर त्यांचे पंख.

अशाच एका रात्री 'मॉथलाइट' पाहिला. अमेरिकेच्या स्टॅन ब्रॅकेजने १९६३ साली चक्क कॅमेऱ्याशिवाय केलेला! पतंगांचे पंख, पाकळ्या, गवताची पाती पारदर्शक टेपच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबली आणि त्यावरून १६ मिमी फिल्म छापून घेतली. आवाज नाही, गोष्ट नाही, चारेक मिनिटांत खलास. आधी वाटलं, पीसी बिघडला.

मग पॉज करत पाहिला. फिल्मची चौकट जेमतेम साडेसात मिलिमीटर उंच. पंख एका चौकटीत मावत नाही, पुढच्या चौकटींवर पसरतो. म्हणून पडद्यावर फडफडतो. मेलेला पतंग उडतो राव!

नंतर कळलं, तेव्हा ब्रॅकेजकडे पैसे नव्हते. फिल्मपायी पोरांना नीट खायलाही घालता येत नव्हतं. दिव्यावर जळणाऱ्या पतंगांत त्याला स्वतःच दिसला, आणि हे तो सरळ सांगायचा.

दुसऱ्या दिवशी घरी फोन लावला. "पप्पा, प्रोजेक्ट नाहीये. केटी आहे."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "पेपर कधी आहे?"