जबलपूरचं ऊन आणि माईंची खोली

मे महिन्यात जबलपूरला निघाले आहे म्हटल्यावर शेजारच्या वहिनींनी मला सरळ वेड्यात काढलं. लोक मे महिन्यात महाबळेश्वरला जातात, माथेरानला जातात, आणि ही बाई भट्टीत निघाली! पण ताईचा फोनच तसा होता. "घर बांधून झालं, वास्तुशांत झाली, दोन महिने झाले, आणि माई काही यायला तयार नाहीत. तू ये. तुझं ऐकतात त्या."

माई म्हणजे ताईच्या सासूबाई. वय चौऱ्याऐंशी. हट्ट मात्र आठ वर्षांच्या मुलीचा.

इटारसी मागे पडलं, की पिपरिया, नरसिंगपूर करत गाडी नर्मदेच्या खोऱ्यातून धावू लागते. कापणी झालेली गव्हाची शेतं, मधेच मोहाची झाडं, आणि सकाळी आठलाच खिडकीची सळई हाताला चटका देणारी. मदनमहल स्टेशन येतं तेव्हा सामान आवरायचं, पुढचं जबलपूर. भावोजी घ्यायला आले होते. गन कॅरेज फॅक्टरीत उभा जन्म गेलेला माणूस. १९०४ सालच्या त्या कारखान्याच्या शिस्तीत वाढल्यामुळे निवृत्तीनंतरही खिशात पेन आणि छोटी वही असतेच. रिक्षात बसल्याबसल्या वही काढून म्हणाले, "आधी माईंकडे जाऊ. त्यांचं घर बघितल्याशिवाय आमची अडचण तुम्हाला कळायची नाही."

जबलपुरात मराठी माणूस नवा नाही. सागरच्या मराठ्यांनी १७८१ साली हा मुलूख घेतला, पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. पुढे १८६१ पासून १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. त्यामुळे कचेऱ्या, रेल्वे, शाळा, कारखाने यांच्या निमित्तानं घराणीच्या घराणी इथे येऊन राहिली. माईंचं सासर त्यातलंच. त्यांच्या मराठीत अंगणाला 'आंगन' आणि कौलांना 'कवेलू' म्हणतात, पण पुरणपोळी अस्सल आपली!

माईंचं घर जुन्या वस्तीत. उंबरा ओलांडला आणि बाहेरचं ऊन कुणीतरी दार लावून बंद करावं तसं थांबलं. मातीच्या हातभर जाड भिंती, शेणानं सारवलेली जमीन, डोक्यावर लाकडी पटाव, त्या पटावावर मातीचा थर आणि त्याच्याही वर, चांगली पुरुषभर पोकळी सोडून, कौलांचं छप्पर. दुपारचे बारा वाजले होते आणि माई पंखा बंद करून शेंगा सोलत बसल्या होत्या.

"बघ," त्या म्हणाल्या, "कवेलू तापतं, मधली हवा तापते, पण पटावाखाली काही येत नाही. तुझ्या भावोजींच्या घरात वर फक्त एक दगड आहे. सूर्य आणि मी, मधे पाच इंचाचा दगड."

सिमेंटच्या स्लॅबला त्या दगड म्हणत होत्या, आणि तसं पाहिलं तर चूक नव्हतं.

मग या घरातच का राहू नये? त्याचं उत्तर उत्तरेकडच्या भिंतीत होतं. वरपासून खालपर्यंत एक भेग, बोट आत जाईल एवढी. २२ मे १९९७ च्या पहाटे, चार वाजून एकवीस मिनिटांनी जबलपूर हादरलं, तेव्हाची. रिश्टर मापावर सहाच्या आसपासचा तो भूकंप. चाळीसच्या आसपास माणसं गेली. कोसमघाटसारख्या गावांत तर घरांचे ढिगारे झाले. माई सांगत होत्या, "फडताळातली भांडी आधी वाजली. मग कवेलू आंगनात पडायला लागले, पाऊस पडावा तसे. मी मुलांना घेऊन पळाले." ती भेग दोनदा लिंपली, दोनदा उघडली. गेल्या पावसाळ्यात तिच्या शेजारी दुसरी आली. घर गार खरं, पण त्यात म्हाताऱ्या माणसाला ठेवणं आता धोक्याचं झालं होतं.

नवं घर शहराबाहेर, भेडाघाटच्या रस्त्याला. बैठं घर, हजार चौरस फुटांचा स्लॅब, कॉलम-बीम सगळं भूकंपाचा विचार करून इंजिनिअरकडून आखून घेतलेलं. टाइल्स गुळगुळीत, ओटा ग्रॅनाइटचा. पण संध्याकाळी सात वाजता माईंसाठी ठेवलेल्या खोलीत मी पाऊल टाकलं आणि पुन्हा बाहेर आले. ऊन कधीच गेलं होतं, तरी छत वरून आग ओकत होतं. पंखा लावला तर तीच गरम हवा अंगावर! रात्री अकरालाही स्टुलावर चढून छताला हात लावला, तर तापलेल्या तव्याची आठवण आली. काँक्रीट दिवसभर ऊन पिऊन घेतं आणि रात्रभर ते घरात सोडतं. नेमकं झोपायच्या वेळी.

"एसी लावा ना," मी म्हटलं.

"माईंना एसीत संधिवात होतो," ताई म्हणाली. "आणि लाइट गेली की?"

दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे भावोजी आम्हाला भेडाघाटला घेऊन गेले. चौसष्ट योगिनींचं मंदिर टेकडीवर आहे. दहाव्या शतकातलं, कलचुरींच्या काळातलं, गोल आवाराचं. त्या गोल ओवरीत बसलं की दगड असूनही गारवा वाटतो. कारण साधं आहे: जाड दगड, वर सावली, आणि एक बाजू वाऱ्याला मोकळी. तिथून धुवांधारला गेलो. मे महिन्यातही नर्मदा त्या खडकावरून अशी कोसळते की तुषारांचा धूर होतो. नावेतून संगमरवरी कड्यांमधून जाताना नावाडी यमकं जुळवत माहिती सांगत होता. पांढरे कडे सकाळच्या उन्हात डोळे दिपवत होते, पण हात लावला तर थंड. "पांढरं आहे ना, ऊन परतवतं," भावोजी म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. त्यांचं सारं लक्ष गच्चीतच होतं, नावेत फक्त शरीर.

येताना मदनमहालच्या टेकडीवर गेलो. गोंड राजांनी एका प्रचंड शिळेवर बांधलेला तो छोटासा महाल, आणि खाली नुसता एका टोकावर टेकलेला तोलदार खडक. १९९७ च्या भूकंपातही तो हलला नाही असं इथले लोक अभिमानानं सांगतात. टेकडीवरून शहर दिसतं. जुन्या भागात कौलांची लाल नक्षी, नव्या भागात राखाडी स्लॅबच स्लॅब. जबलपूरच्या मातीला एके काळी मोठं नाव होतं. बर्न कंपनी आणि परफेक्ट पॉटरी इथली कौलं, विटा, सांडपाण्याचे नळ लांबलांब पाठवत. त्याच गावात आता कौल शोधावं लागतं.

घरी येईपर्यंत गवंडी येऊन बसला होता. त्याचा सल्ला ठाम होता, "साहब, मिट्टी का फुस्का डलवा लो." म्हणजे स्लॅबवर भुसा कालवलेल्या मातीचा चार इंचांचा थर आणि त्यावर विटांची फरशी. उत्तरेकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली पद्धत, आणि गारवा देतेही. आपल्याकडे पुण्या-मुंबईत ब्रिकबॅट कोबा करतात तसंच काहीसं, पण कोबा मुख्यतः गळतीसाठी. उष्णता अडवण्यात तो बेताचाच. मला फुस्का पटला. स्वस्त, ओळखीचा, माईंच्या पटावासारखाच.

भावोजींनी वही उघडली. "हजार फुटांवर चार इंच माती म्हणजे पंधरा टन. वर विटा वेगळ्या. पंधरा टन माईंच्या डोक्यावर, या गावात?"

कुणी काही बोललं नाही. भूकंपात घर जितकं वरून जड, तितका हिसका मोठा. स्लॅब आखताना हे वजन धरलं असतं तर गोष्ट वेगळी. ते धरलेलं नव्हतं. जे जुन्या घरात माईंना सांभाळत होतं तेच वजन इथे अंगावर आलं असतं.

भाच्यानं दुसरं सुचवलं. आतून थर्माकोलचं खोटं छत. त्याला मात्र मीच नाही म्हटलं. घरात, दिव्यांच्या वायरींजवळ, पेटणारी आणि विषारी धूर करणारी वस्तू डोक्यावर कशाला? शिवाय आतून लावलं तरी स्लॅब उन्हात तापतोच, फुगतो-आकसतो आणि त्याला भेगा पडतात. टोपी डोक्यावर घालायची असते!

मग उरलं ते हे: स्लॅबच्या वर, आधी नीट जलरोधक थर देऊन, त्यावर दाबून बनवलेल्या पॉलिस्टायरीनच्या दोन इंची टणक पाट्या, आणि त्यावर जाळी टाकून दीड इंच काँक्रीट. खोक्यात येतो तो ठिसूळ थर्माकोल नव्हे. तो वजनानं दबतो आणि पाणी धरतो. या पाट्यांचं काम त्यांच्यात अडकलेली बारीक बारीक हवा करते, माईंच्या पटावावरची पोकळीच ती, चिमटीत मावेल एवढी केलेली. एक इंच पाटी साधारण वीस इंच विटांच्या भिंतीएवढी उष्णता अडवते. साऱ्या गच्चीच्या पाट्यांचं वजन दीडशे किलोच्या घरात. वरचं काँक्रीट धरलं तरी फुस्क्यापेक्षा पुष्कळ कमी, आणि तेवढं स्लॅबला पेलेल असं इंजिनिअरनं तपासून सांगितलं. घरांसाठी २०१८ मध्ये सरकारनं जी ऊर्जा संहिता काढली, तिच्यात छतासाठी जी मर्यादा आहे तीही यानं सहज गाठली जाते. उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या तिप्पट उष्णता आत सोडतो.

नुसता पांढरा रंग का नाही? तोही विचार झाला. स्वस्त आहे, कामाचा आहे, अहमदाबादेत २०१७ पासून गरीब वस्त्यांच्या छपरांना तो लावतात. हातात पैसे नसतील तर मी आधी तोच सांगेन. पण धुळीनं तो वर्षा-दोन वर्षांत मळतो, आणि जबलपूरची थंडी विसरून चालत नाही. डिसेंबर-जानेवारीत इथे पारा सात-आठ अंशांवर येतो, कधी त्याहून खाली. पांढरा रंग हिवाळ्याचं ऊनही परतवतो. पाटी मात्र उन्हाळ्यात बाहेरची गरमी बाहेर आणि हिवाळ्यात आतली ऊब आत ठेवते.

खर्चाचा आकडा ऐकून ताईचा चेहरा उतरला. एसीपेक्षा जास्तच होता तो. शेवटी भावोजींनी एक प्रयोग केला. चार बाय चार फुटांचा एक तुकडा पाट्यांनी झाकला, वर फरशा मांडल्या, शेजारी तेवढाच चौकोन चुन्यानं रंगवला. दोन दिवसांनी रात्री नऊ वाजता माईंना रिक्षातून आणलं. स्टूल नको, म्हणून भाच्यानं शिडीवर चढून छताच्या तीन ठिकाणी ओला रुमाल लावला आणि तो माईंच्या गालाला टेकवत गेला. उघड्या छताचा रुमाल लावताच त्यांनी मान मागे घेतली. चुन्याखालचा, "बरा." तिसऱ्याला त्या काही बोलल्या नाहीत, रुमाल गालावर धरून बसल्या.

"पश्चिमेच्या भिंतीचं काय?" मग त्यांनी विचारलं.

खरंच, ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं! त्यांची खोली पश्चिमेला, तीनपासून सूर्यास्तापर्यंत ऊन भिंतीवर. तिथे बाहेरून वाळ्याचा पडदा आणि हात-दीड हात अंतरावर वेलीचा मांडव, असं ठरलं. वेल माईंनी निवडली, कृष्णकमळाची.

मी परतल्यावर पावसाळ्यापूर्वी काम झालं. सांध्यांवर पट्ट्या नीट बसतायत ना, उतार पन्हाळीकडे आहे ना, हे भावोजींनी स्वतः उभं राहून पाहिलं. गरम डांबर आणलेल्या मजुराला मात्र त्यांनी वेळीच थांबवलं, नाहीतर पाट्या वितळल्या असत्या.

जानेवारीत ताईचा फोन आला. बाहेर सहा अंश होते म्हणे. मी माईंना फोन द्यायला सांगितलं.

"आत्ता नको," पलीकडून त्यांचाच आवाज ऐकू आला. "तिला सांग, शेगडी परत पाठवते आहे. आणि मेमध्ये यायला सांग, कृष्णकमळ तोवर मांडवावर पोचेल."