स्वयंपाकघरांतला धूर

तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यास अनुमानाचा पहिला धडा धुरावरूनच मिळतो. पर्वतावर धूर दिसतो, त्या अर्थीं तेथें अग्नि आहे. आणि यास दृष्टांत कोणता, तर स्वयंपाकघराचा! सतराव्या शतकांत अन्नंभट्टानें 'तर्कसंग्रहां'त हेंच उदाहरण दिलें. मला त्याचें नेहमीं नवल वाटतें. आमचे नैयायिक दृष्टांतासाठीं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि धुरावरून अग्नि ओळखून तेथूनच परतले. चुलीपुढें बसलेल्या बाईचे डोळे लाल कां, हें अनुमान मीं वाचलेल्या पोथ्यांत तरी आढळलें नाहीं.

माझ्या आजीच्या चुलीस धुराडें नव्हतें. पावसाळ्यांत लाकडें ओलीं असत. अशा लाकडाची बरीच उष्णता आंतलें पाणी आटविण्यांतच खर्चीं पडते. जाळ धरत नाहीं, आणि अर्धवट जळलेलें लाकूड धूर होऊन घरभर पसरतें. आजी फुंकणी घेऊन वांकली कीं ओटीवरून आजोबा म्हणत, "अगं, दार लोटून घे. धूर इकडे येतोय." दार लोटलें जाई आणि ओटीपुरता प्रश्न सुटे.

आतां आमच्या घरीं विजेचा ओव्हन आहे. मध्यंतरीं आंत लोणी सांडून तापल्या सळईवर पडलें आणि जळका वास दिवाणखान्यांत आला. काय ती धांवपळ! मुलानें बटण बंद केलें, मुलीनें खिडक्या उघडल्या, मीं पंखा लावला. पांच मिनिटांच्या धुरासाठीं तीन माणसें उठलीं. आजीच्या जन्मभराच्या धुरासाठीं ओटीवरून कोणी उठल्याचें मला आठवत नाहीं.

हा धूर अजून सरलेला नाहीं. २०१६ सालीं उज्ज्वला योजना निघाली, कोट्यवधि घरांत गॅस पोंचला. तरी सिलिंडर संपला आणि गांठीला पैसा नसला, कीं कोपऱ्यांतली चूल पुन्हा पेटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानें २०२० सालीं घरगुती इंधनाच्या धुरानें जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें अकालीं दगावलीं.

हल्लीं हमरस्त्यांवर 'चुलीवरची भाकरी' अशा पाट्या दिसतात आणि आम्ही शहरवासी गाडी थांबवून तेथें जेवतों. ती भाकरी मलाही रुचते. मात्र पानावर बसण्यापूर्वीं मी एकदां आंत डोकावतों आणि चुलीवर धुराडें आहे कीं नाहीं, तें पाहून घेतों.