नवी हत्यारे, जुनी गिऱ्हाइके

सुताराने नवा रंधा घेतला म्हणून गिऱ्हाइकाने घराची जुनी दारे काढून टाकावीत, असा न्याय त्या धंद्यात कोणी चालू देणार नाही. आमच्या धंद्यात तो सर्रास चालतो. बडोद्यात बसून दुकानदारांसाठी हिशेबाचे प्रोग्रॅम लिहिणे हे आमचे पोटापाण्याचे काम. वाङ्मयीन मासिकात हा विषय कशाला, असे वाचकांस वाटेल. परप्रांतात तीन पिढ्या मराठी जपणाऱ्या कुटुंबातल्या माणसाला जुन्यानव्याची ओढाताण परकी नाही, एवढेच तूर्त सांगतो.

आमचे प्रोग्रॅम एकटे उभे राहत नाहीत. त्यांच्याखाली मायक्रोसॉफ्टची ‘डॉट नेट फ्रेमवर्क’ नावाची बैठक लागते, आणि गिऱ्हाइकाच्या संगणकात ती ज्या आवृत्तीची असेल तिच्यावरच आमचा सारा डोलारा. २०१२ साली तिची ४.५ ही आवृत्ती निघाली; सोबत व्हिज्युअल स्टुडिओ २०१२ हे लिहिण्याचे नवे साधन आले. त्यातली ‘असिंक’ आणि ‘अवेट’ ही शब्दांची जोडी पाहून आम्ही हरखून गेलो. ज्या कामासाठी पूर्वी पानभर गुंता विणावा लागे, ते आता चार सरळ ओळींत लिहिता येत होते. पण ४.५ विंडोज एक्सपीवर बसेना. तिथली शेवटची पायरी ४.०, आणि आमची निम्मी गिऱ्हाइके त्याच पायरीवर.

मांडवीजवळच्या एका वृद्ध औषधविक्रेत्यांना आम्ही म्हटले, “काका, आता यंत्र बदला.”

“बंद पडले आहे का?”

“नाही.”

“मग?”

या ‘मग’ला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

तेव्हा नवे साधन वापरून जुन्या बैठकीसाठी लिहायचे, असे ठरले. वाटते तितके हे सोपे नाही. ४.५ ही ४.० च्या शेजारी बसत नाही, तिला उठवून तिच्याच जागी बसते. त्यामुळे आमच्या संगणकावर बिनतक्रार चालणारी गोष्ट गिऱ्हाइकाकडे चालेलच, याचा भरवसा उरत नाही. ‘एक्स्टेन्शन ॲट्रिब्यूट’ नावाची एक चिमुकली खूण ४.० मध्ये एका कोठीत होती, ती ४.५ मध्ये दुसऱ्या कोठीत हलवली गेली. नवा पत्ता घेऊन निघालेला प्रोग्रॅम जुन्या घरी जाऊन ती मागे आणि न सापडल्याने तिथेच कोसळे. उपाय एकच: प्रत्यक्ष बैठकीकडे न पाहता जुन्या आवृत्तीची जी कोरडी सूची मिळते, तिच्याशीच प्रत्येक शब्द ताडून घ्यायचा. असिंक-अवेटसाठी पुढे मायक्रोसॉफ्टनेच ४.० साठी पुरवणी दिली. तरीही एक जुना संगणक केवळ तपासणीसाठी आम्ही कोपऱ्यात ठेवला. त्याच्यावर चालल्याशिवाय काही बाहेर जात नसे.

८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सपीची जबाबदारी सोडली. आम्हांला ती सोडता आली नाही. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, त्या सकाळी काकांच्या जुन्या यंत्रातून नव्या कराचे बिल बिनबोभाट बाहेर पडले. एरवी त्या दिवशी त्यांना बिले हाताने लिहावी लागली असती.

आमच्या तरुण सहकाऱ्याला हे सारे लाड वाटतात. त्याचे म्हणणे अगदीच चूक नाही: असे यंत्र जाळ्याला जोडणे धोक्याचे, आणि काकांचे आम्ही जोडूच दिलेले नाही. शिवाय २०२१ च्या नोव्हेंबरात आलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ मध्ये ४.० ची ती सूचीच नाही. वेगळी मिळवून जोडता येते. पण आम्ही सरळ २०१९ चे साधन शेजारी राहू दिले आहे. नव्या गिऱ्हाइकांना मात्र आम्ही ४.० चा प्रोग्रॅम देत नाही.

आता जुन्या पायरीवर तिघे उरले आहेत. गेल्या दिवाळीत काकांच्या मुलाने दुकानात नवा संगणक आणला. जुन्याचे काय केले, असे विचारताच तो हसून म्हणाला, “बापूजी त्याच्यावरच बसतात.”